मोत्याचा डावा कान

बुधवार, श्रावण. सकाळपासून नुसती झड.

आज मामीचा फोन आला आणि मनावरचं ओझं उतरलं.

दोन वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याला मामाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा मी एक चिनीमातीचा लॅब्रॅडॉर नेला होता. कुत्र्यावर जीव असलेल्या माणसाला दुसरं काय द्यायचं, असा माझा हिशोब. मामाने तो हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाला, "बरो आसा गो बाय. पण ह्यो खंयचो?" मग शोकेसमध्ये ठेवला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी मला ते लागलं. मामाचा कुत्रा मोत्या जाऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

मोत्या गावठी. तांबूस अंग, छातीवर पांढरा पट्टा. मामा पोस्टमन असताना टपाल वाटायला त्याच्यासोबत वाडीवाडीत फिरायचा. 2005 साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली: हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपालयम. मामाने ती वहीत जपून ठेवली आहेत. त्यांतही मोत्यासारखा कोणी नाही. दुकानाच्या फळीवर तर पग, डाल्मेशियन आणि जर्मन शेफर्ड, एवढेच.

जातिवंत कुत्रा पाळणाऱ्याला अशी मूर्ती जरूर द्यावी, पण बारकाईने बघून. खऱ्या लॅब्रॅडॉरची शेपटी पाणमांजरासारखी, मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती, झुपका नसलेली. मी नेलेल्याच्या शेपटीला चांगली झालर होती, म्हणजे तो धड लॅब्रॅडॉरही नव्हता. रोज त्या शेपटीवरून हात फिरवणाऱ्याला हे एका नजरेत कळतं.

यंदा मोत्याचीच मूर्ती द्यायची म्हणून सावंतवाडीला चितार आळीत जाऊन आले. लाकडी फळं, खेळणी, सगळं देखणं, पण मला हवं ते नव्हतं. शेवटी आमच्याच वाडीतल्या गणपतीच्या शाळेत गेले. ऐन हंगाम, पाटापाटावर गणपती, तरी मूर्तिकारकाकांनी नाही म्हटलं नाही. "दत्ताचे चार कुत्रे करतोच की आम्ही," म्हणाले. मोबाइलवरचा फोटो समोरून काढलेला. त्यांनी विचारलं, "शेपटी कुठल्या बाजूला वळायची?" मला आठवेना. इतकी वर्षं पाहिलेला कुत्रा, आणि आठवेना! मामीला फोन लावला. ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "उजवीकडे. आणि डाव्या कानाचं टोक तुटलेलं, ते विसरू नकोस."

काकांनी त्याला बसलेला केला. शाडूचे बारीक पाय वाळताना तडकतात, बसलेला टिकतो. कान मी समोर बसून पाहिला. काकांनी चिमटीएवढी माती घेतली, अंगठ्याने दाबून पान काढलं, ओल्या बोटाने डोक्याला जोडलं. मग कोरणीच्या टोकाने कडेचा एवढासा तुकडा उडवला, आणि समोर मोत्या बसला होता. माझ्या घशात आवंढा आला. पावसाळी हवेत वाळायला दहा दिवस लागले, मग रंग. काकांनी बजावलं, भाजलेली नाही, ओल लागू देऊ नका.

रविवारी नेऊन दिली. मामा काही बोलला नाही. मूर्ती फिरवून शेपटी बघितली, मग बोट कानाच्या तुटक्या कडेवर आलं आणि तिथेच राहिलं. शोकेसची किल्ली मामीने पुढे केली, ती त्याने घेतली नाही. मूर्ती खळ्याकडच्या, म्हणजे अंगणाकडच्या खिडकीत ठेवली, रस्त्याकडे तोंड करून. मला ओलीची धास्ती. निघताना दोनदा सांगून आले.

आज मामी फोनवर म्हणाली, "तू काळजी करू नकोस. सर आली की तो हातातलं काम टाकून उठतो आणि मोत्याला आत घेतो."