खिरेश्वर ते हरिश्चंद्रगड : किट पुढे गेलं, पाय मागे राहिला

ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही नऊ जण माळशेज घाटाजवळ खुबी फाट्यावर उतरलो. पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वर, तिथे पोहे-चहा, नागेश्वराचं दर्शन, मग तोलार खिंड. वर पोचायला पाच तास लागले. कोकणकडा धुक्यात गडप, केदारेश्वराच्या गुहेत हाडं गोठवणारं पाणी. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते रविवारी उतरतानाच्या पाऊण तासाबद्दल आणि आमच्या प्रथमोपचाराच्या किटबद्दल.

रेलिंगच्या कातळटप्प्याच्या जरा वर भाचीचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला आणि घोटा मुरगळला. "मामा, किट काढ ना!" किट होतं की, चांगला लाल डबा. पण तो सगळ्यात पुढे चालणाऱ्या मित्राच्या सॅकमध्ये, आणि मित्र एव्हाना खिंडीत व्याघ्रशिल्पापाशी बसलेला. फोनला रेंज नाही. शिट्ट्या मारल्या, पावसात कोण ऐकतंय!

तेवढ्यात मी आणखी एक शहाणपणा केला. किती सुजलंय ते बघायला तिचा बूट काढला. दहा मिनिटांत पाय असा फुगला की बूट परत चढेना. खाली आमच्यातल्याच डॉक्टर मैत्रिणीने चांगलं झापलं. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर मोडलंय असंच धरायचं, चालवायचं नाही. पाय टेकतोय आणि उतरण्यावाचून इलाज नाही, अशा वेळी बूट काढायचाच नाही. लेस नीट बांधून वरूनच क्रेप बँडेज आठच्या आकड्यात गुंडाळायचं. बोटं बधिर झाली की लगेच सैल करायचं.

डबा शेवटी आला तेव्हा त्यात काय होतं? भिजलेलं गॉज, ओल्या कातडीला न चिकटणारी कागदी टेप, तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं मलम, आणि दोन इंची बँडेज, जे मनगटाला पुरलं असतं. कात्री नव्हतीच.

आता माझं किट डब्यात नसतं, झिप-लॉक पिशवीत असतं, आणि ती पिशवी टेलच्या, म्हणजे शेवटच्या माणसाच्या सॅकमध्ये वरच्या कप्प्यात. ज्याला लागतं तो मागेच पडतो ना! चार इंची क्रेप बँडेज दोन, कापडी चिकटपट्टी (टाच हुळहुळायला लागली की फोड येण्याआधीच लावायची), गॉज, बीटाडिनची छोटी ट्यूब, कात्री, चिमटा, पॅरासिटामॉल, सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी). सेट्रिझिनने काहींना पेंग येते, म्हणून कातळटप्प्याच्या आधी कुणाला देऊ नका. कुणाला कसली ॲलर्जी, कुणाच्या रोजच्या गोळ्या कुठल्या, याची चिठ्ठी त्याच पिशवीत.

ओआरएसची पाकिटं मात्र प्रत्येकाकडे दोन. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. आमच्यातल्या एकाने ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं. तसं करू नका, मीठ जास्त झालं तर फायद्याऐवजी त्रास होतो. आणि दुकानातलं गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे.

फुरशाची, म्हणजे त्या विषारी सापाची, भीती सगळ्यांना असते. त्यासाठी किटात काही नसतं आणि नसावंच. आवळून बांधणं नाही, ब्लेड नाही. अंगठ्या-कडी काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, माणसाला उचलून न्या आणि रेंज मिळताच 108 लावा.

भाचीला आम्ही आळीपाळीने खांदा देत खाली आणलं. मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर माझी फ्लोटर. खिरेश्वरात एका गाववाल्याने जीप काढली. पण रविवारी संध्याकाळी एक्स-रे चालू असलेला दवाखाना शोधण्यात ओतूरला तासभर गेला. तेव्हा जाण्याआधीच दोन-चार दवाखान्यांना फोन करून वेळा विचारून ठेवा. हाड शाबूत निघालं. बूट तिच्या पायात शिरायला तीन आठवडे लागले.