देह नाशवंत, मग पुण्य कुणासाठी?

“देह अनित्य म्हणता, मग आईच्या नावानं दरवर्षी दान कसलं करता? तिला पोचतं का ते?” तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आजवर मी गेलेल्यांच्या नावानं दान द्यावं असं सांगणाऱ्या तिरोकुड्डसुत्ताचा, बुद्धाच्या एका पाली सुत्ताचा, हवाला द्यायचो, दहा पुण्यक्रियांत पत्तिदान, म्हणजे आपल्या पुण्याचा वाटा दुसऱ्याला देणं, येतं म्हणायचो. त्यात चूक काही नाही. पण मी देतो ते त्यासाठी नाही.

आई अंथरुणाला खिळली होती. पहाटे मी ध्यानाला बसायचो, तासभर हलायचं नाही असं अधिष्ठान धरून. एकदा पलीकडच्या खोलीतून तिची हाक आली. मी आत नोंद केली : आवाज उठला, आवाज गेला. दुसरी हाक आली, तीही गेली. मनातून खूश होतो, काय समता साधलीय! तिसरी हाक आलीच नाही. तास भरल्यावर गेलो, तर चादर भिजून गार पडलेली, पाठीची कातडी पांढरी सुरकुतलेली. भिंतीकडं तोंड करूनच ती म्हणाली, “झालं का रे तुझं?” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पाली भाषेत उपेक्खा म्हणजे समता, मनाचा समतोल. मराठीत उपेक्षा म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या तासात पाली कुठं संपली नि मराठी कुठं सुरू झाली, मला अजून सांगता येत नाही.

आणि भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, महावग्गातली गोष्ट मला तेव्हाही पाठ होती! पोट बिघडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला. बुद्धानं पाणी ओतलं, त्याचा शिष्य आनंद यानं त्या भिक्खूचं अंग धुतलं, मग एकानं डोक्याकडून, दुसऱ्यानं पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवलं. केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो अशी याच देहाची बत्तीस भागांची यादी देणारा तो बुद्ध. ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी, हेही त्यानंच तिथं सांगितलं.

मी आईला टाकलं नव्हतं हो. कूस बदलणं, पुसणं, सगळं मीच केलं. चुकला तो एक तास. तेव्हाचा मी आजही भांडतो : “ती बैठक नसती तर बाकीचे दिवस निभावले असतेस का?” खोडून काढता येत नाही मला.

तर, पोचतं का? पुण्य काही इकडून उचलून तिकडं ठेवता येत नाही. आपण वाटा देऊ करायचा. गेलेल्यानं आनंदानं अनुमोदन केलं, तरच ते त्याचं होतं. म्हणजे ते तिच्या हातात. मी दरवर्षी आजाऱ्यांसाठी चादरी देतो. सुती, धुऊन मऊ केलेल्या.