कूस उघडी पडते तेव्हा

वाईत गेली सव्वीस वर्षे मी घरांचे नकाशे काढतो आहे आणि त्यांतली निदान वीस वर्षे गावाचा इतिहासही लिहितो आहे. ही दोन कामे एकमेकांना पूरक आहेत, असे लोक मला कौतुकाने सांगतात. प्रत्यक्षात मी ज्या वाड्याची मापे काढतो तो बहुधा पाडायचा असतो, आणि त्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीचा आराखडाही माझ्याच टेबलावर तयार होत असतो. म्हणजे इतिहासाचे जे साधन मी नोंदवतो, तेच नाहीसे करण्याच्या कामावर माझे घर चालते.

वाईचा जो इतिहास बाहेर माहीत आहे तो घाटांचा आणि देवळांचा. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले, शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी 1757 मध्ये. जवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि तिथल्या घाटावर वसईच्या मोहिमेनंतर आलेली, बाळ येशू व मेरीची आकृती असलेली घंटा आहे. हे सारे पर्यटकांना दाखवले जाते आणि तसे ते दाखवावेही. पण पाहुण्यांना घेऊन मी गणपतीच्या देवळात जातो तेव्हा दर्शन झाल्यावर त्यांना मागच्या बाजूला नेतो. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगावे आणि गाभाऱ्यावर सरळ आदळू नये, ही त्यामागची योजना. धोमला धरण होण्यापूर्वी दोन शतके या भिंतीने पूर अंगावर घेतले. देवळाच्या हकीकतीत रास्त्यांचे नाव येते, ज्या पाथरवटांनी हे टोक साधले त्यांचे येत नाही, आणि मला खरे कुतूहल त्यांचेच आहे.

तीन वर्षांपूर्वी गंगापुरीतल्या एका वाड्याचे काम माझ्याकडे आले. सात हिस्सेदार, त्यांतले पाच पुण्यामुंबईला, एक परदेशात, आणि वाड्यात राहणाऱ्या एकट्या काकू. माजघरावरचा किलचा, म्हणजे छताच्या मातीखालच्या लाकडी पट्ट्या, कुजून माती गळत होती आणि पावसाळ्यात देवघरात पातेली मांडावी लागत. अशा घरात राहणाऱ्या माणसाला वारशाचे महत्त्व समजावून सांगणे मला कधीच जमले नाही, आणि जे चांगल्या पक्क्या घरात बसून ते सांगतात त्यांच्याविषयी मला फारसा आदरही नाही. मी पाडकामाआधी मोजणीसाठी पंधरा दिवस मागितले, आणि ते मिळाले.

घराण्यात अशी परंपरा होती की वाडा मूळ पुरुषाने रास्त्यांच्या पदरी असताना एका दमात बांधला. मापे मात्र तसे सांगत नव्हती. पुढच्या सोप्याचे खण, म्हणजे दोन खांबांमधली अंतरे, पावणेसहा फुटांचे होते, तर मागच्या चौकाभोवतीचे पाच फूट दोन इंचांचे. एकाच सुताराने एकाच वेळी काम केले असते तर त्याने दोन मापे कशाला धरली असती? वाड्यात कागद म्हणून फक्त शेतीचे काही मोडी दस्त निघाले. मोडी मी चाळिशीत शिकलो, त्यामुळे ते वाचायला आठवडा लागला, आणि त्यांत बांधकामाविषयी अवाक्षर नव्हते.

उत्तर मिळाले ते पाडकामाच्या दिवशी. लाकडी खांबाच्या माथ्यावर कूस, म्हणजे तासून काढलेले निमुळते टोक, असते आणि ती वरच्या तुळईच्या सालीत, म्हणजे तिच्यासाठी कोरलेल्या खाचेत, बसते. वाडा उभा आहे तोवर हा सांधा कोणालाही दिसत नाही. तुळया उतरल्या तेव्हा कुसांवर पटाशीने कोरलेले आकडे दिसले. जोडणीच्या वेळी कोणता खांब कुठे जायचा, यासाठी सुतारांनी घातलेल्या त्या खुणा. पुढच्या दहा खांबांवर एक ते दहा असे आकडे ओळीने होते. मागच्या सहांवर मात्र सात, आठ, अकरा, बारा, पंधरा आणि सोळा. मी ते वहीत उतरवत असताना आमच्या सुतारमिस्त्रींनी एक खांब आडवा करून त्याच्या अंगातल्या बुजवलेल्या खाचांवर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘‘साहेब, हे लाकूड आधी दुसरीकडं राबलंय.’’ निदान सोळा खांबांच्या एखाद्या जुन्या घराचे सहा खांब इथे आणून मागचा चौक उभा केला होता, आणि खणाचे लहान मापही त्या घरातून आलेल्या तुळयांच्या लांबीने ठरले होते.

वाडा उभा राहिला असता तर हे मला कळले नसते, ही गोष्ट मी मान्य करतो, पण तिचा आनंद मानायला मन तयार होत नाही. ते खांब पुढे एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. आता ते कुठल्या तरी हॉटेलच्या स्वागतकक्षात तिसरी चाकरी करत असतील.

घराण्याच्या छोट्या पुस्तिकेसाठी मी हे सारे लिहून दिले. ‘जुने लाकूड’ हे शब्द दोघा हिस्सेदारांना खटकले, कारण त्यांना त्यात पूर्वजांची गरिबी दिसली. काकूंना ते अजिबात खटकले नाहीत. त्या वेळी त्या नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून माझा नकाशा बराच वेळ पाहिला आणि माजघर व देवघर यांच्यामधल्या भिंतीवर बोट टेकवले. मी तिथे सलग भिंत दाखवली होती.

‘‘इथं दार होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी बुजवून घेतलं. स्वयंपाकाचा धूर देवघरात जायचा.’’

पंधरा दिवस टेप धरून मी ती भिंत मोजली होती, पण गिलाव्याखाली काय आहे ते तपासले नव्हते, आणि आता तपासायला भिंतच नव्हती. मी नकाशा घरी आणला, त्या जागी तुटक रेषेने दार काढले आणि समासात लिहिले, ‘काकूंच्या सांगण्यावरून. रुंदी अंदाजे.’