घरच्या पीसीवरची फायरवॉल: तुलना कुठवर आली (ऐरोली)

पीसीत येणारी-जाणारी नेटवर्कची वाहतूक गाळणाऱ्या फायरवॉल प्रोग्रामांची तुलना करतोय. त्यातलं कोमोडो यादीतून काढलं. वाईट म्हणून नव्हे. फायरवॉल, हिप्स (प्रोग्रामच्या संशयास्पद हालचाली अडवणारं), कंटेनमेंट (अनोळखी प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणं) असा अख्खा संसार ते सोबत घेऊन येतं आणि मला या खेपेला फक्त फायरवॉल तोलायची आहे. आता रिंगणात उरले पाच: विंडोजची स्वतःची, तिच्यावर बसणारं विंडोज फायरवॉल कंट्रोल, टायनीवॉल, सिंपलवॉल आणि पोर्टमास्टर. ग्लासवायर ठेवलंय, पण आलेख बघण्यापुरतं. कुठला प्रोग्राम कधी किती डेटा ओढतो हे त्याच्याइतकं सुबक कुणी दाखवत नाही.

घरचा डेस्कटॉप विंडोज ११ चा आहे. दिवसा तो बाबांच्या ताब्यात असतो: बँक, रेल्वेचं तिकीट, यूट्यूबवरची कीर्तनं. रात्री माझा. शिवाय एक जुना लॅपटॉप, एसएसडी बदलून प्रयोगांसाठी मोकळा सोडलेला. ज्यांच्या पीसीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही त्यांचा निकाल माझ्यापेक्षा वेगळा लागेल, आणि तो का लागेल हेच मला या वेळी मांडायचंय.

आत येणाऱ्या वाहतुकीचं आधी उरकतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) आला तेव्हा विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण मुळात बंद. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप चालू यायला लागली. त्या काळात झोनअलार्म, सायगेट, केरिओ अशी वेगळी फायरवॉल टाकणं ही चैन नव्हती, गरज होती. पुढे सिमँटेकनं २००५ मध्ये सायगेट विकत घेऊन गुंडाळलं. व्हिस्टापासून विंडोजच्या पोटातच विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म, म्हणजे वाहतूक गाळणारी यंत्रणा, आला. वर म्हटलेल्या विंडोजसाठीच्या अवजारांपैकी बहुतेकांचं इंजिन आज तेच आहे. म्हणून कोण किती ‘मजबूत’ हा वाद मी घालत नाही. एकाच इंजिनाच्या गाड्यांची तुलना करायची तर स्टिअरिंग आणि ब्रेक बघायचे.

आत येणारं अडवायला विंडोजची फायरवॉल पुरते, हे मत आधीपासून होतं. पण आमच्याकडे फायबरवर आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) आलंय आणि त्यानं प्रश्न बदलतो. जुन्या आयपीव्ही४ मध्ये राउटरचं नॅट (सगळ्या घराला मिळून एकच बाहेरचा पत्ता) मधे असतं, वर बऱ्याच इंटरनेट कंपन्यांचं स्वतःचं सीजीनॅटही (अनेक ग्राहकांना मिळून एक पत्ता) असतं, त्यामुळे बाहेरचा कुणी थेट तुमच्या पीसीपर्यंत सहसा पोचत नाही. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला जगजाहीर पत्ता मिळतो. मधे राउटरची फायरवॉल असेल तर असेल, नसेल तर थेट दारात.

बघायचं ठरवलं. डेस्कटॉपवर पायथॉनचा चिमुकला वेब सर्व्हर ८००० पोर्टवर उभा केला, आयपीव्ही६ वर ऐकणारा. विंडोजनं परवानगीची खिडकी दाखवली, ती रद्द केली. विंडोज फायरवॉलच्या प्रगत पॅनलमध्ये जाऊन अडवलेल्या पॅकेटचं (डेटाच्या तुकड्यांचं) लॉगिंग, म्हणजे नोंद ठेवणं, चालू केलं (ते मुळात बंद असतं) आणि लॉगची मर्यादा ४०९६ केबीवरून ३२७६७ केबी केली. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून ब्राउझरमध्ये डेस्कटॉपचा पत्ता चौकटी कंसात टाकला. पान उघडलं नाही. ते अपेक्षित होतं. लॉगमध्ये मात्र ओळ उमटली होती: ड्रॉप, टीसीपी, फोनचा पत्ता, माझा पत्ता, पोर्ट ८०००, फ्लॅग एस (जोडणीची पहिली हाक), शेवटी रिसीव्ह (आत येणारं). म्हणजे पॅकेट राउटर ओलांडून पीसीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि हाकललं ते विंडोजनं. राउटरच्या सेटिंगमध्ये खोदल्यावर आयपीव्ही६ फायरवॉलची चौकट सापडली, रिकामी. खूण केल्यावर तोच प्रयोग पुन्हा केला तर लॉग कोरा.

कोरा म्हणजे त्या पोर्टपुरता. बाकी आमच्या टीव्हीची बडबड अखंड चालू असते: २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (एकदम अनेक यंत्रांना हाक मारायच्या) पत्त्यावर, यूडीपी पोर्ट १९००. घरात स्मार्ट टीव्ही असेल तर या ओळी बघून घाबरू नका, तो शेजारपाजारच्या यंत्रांची चौकशी करतोय.

जाता जाता दोन गोष्टी. परवानगीची खिडकी रद्द केली की विंडोज त्या प्रोग्रामसाठी अडवण्याचे नियम गुपचूप तयार करून ठेवतं, आणि अडवण्याचा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. ‘अलाऊ केलं तरी चालत नाही’ या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. यादीत लाल गोल शोधा. दुसरं, केवळ प्रिंटर दिसत नाही म्हणून विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिकवरून (कडक नियम) प्रायव्हेट (सैल नियम) करू नका. नेटवर्कवरचा प्रिंटर आयपी पत्त्यानं जोडला तर पब्लिकमध्येही छापतो, कारण बोलणं सुरू करणारा पीसी असतो आणि उत्तर आपोआप आत घेतलं जातं.

आता बाहेर जाणारी वाहतूक, आणि खरी तुलना इथूनच. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणाऱ्या सगळ्याला मुळात हो म्हणते. बाकीच्यांना विचारायला किंवा नाही म्हणायला लावता येतं.

विंडोज फायरवॉल कंट्रोल ‘मीडियम’वर ठेवलं की नियम नसलेलं सगळं अडतं आणि कोपऱ्यात सूचना येते. माझ्यासाठी हे उत्तम. नियम विंडोजचेच असतात, त्यामुळे उद्या हे काढून टाकलं तरी नियम जागेवर राहतात. सिंपलवॉलही विचारतं, पण त्याचा विंडोज फायरवॉलशी काही संबंध नाही, ते थेट इंजिनाशी बोलतं. ते काढायचं असेल तर आधी फिल्टर बंद करा, मग अनइन्स्टॉल. नाहीतर अवजार गेलं आणि कुलूप राहिलं अशी गत.

पण विचारणारी फायरवॉल डेस्कटॉपवर ठेवली आणि बाबांनी हाक मारली, “अरे, याला हो म्हणू का नाही?” मी खोलीत पोचेपर्यंत त्यांनी हो म्हटलंही होतं. त्यांचं चूक काय? समोर बँकेचं पान अर्धवट, ओटीपीची मुदत सरत आलेली, आणि मधेच खिडकी. त्यात नाव असतं एसव्हीसीहोस्टचं, म्हणजे विंडोजच्या पडद्यामागच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचं. एका एसव्हीसीहोस्टच्या फाइलमागे डझनावारी सेवा असतात. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर त्या वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये विभागल्या जातात, पण फाइलचा मार्ग (पाथ) तोच, आणि खिडकीत दिसतो तो मार्ग. तिथे मलाही डोकं खाजवावं लागतं. एकदा ‘कायमची परवानगी’ पडली की त्या प्रश्नाचा उपयोग संपला.

म्हणून डेस्कटॉपवर टायनीवॉल राहिलं. ते काही विचारतच नाही. यादीत नसलेला प्रोग्राम मुकाट अडतो आणि मला हवा असेल तर कंट्रोल-शिफ्ट-डब्ल्यू दाबून त्याच्या खिडकीवर क्लिक करायचं, झालं. सुरुवातीला ऑटोलर्नवर (चालेल तो प्रोग्राम आपोआप यादीत घेणारी अवस्था) ठेवून बाबांचं नेहमीचं सगळं एकदा चालवून घेतलं आणि मग नॉर्मलवर आणलं. ऑटोलर्न चालू असताना नवीन काही इन्स्टॉल करायचं नाही, कारण तेव्हा ते दिसेल त्याला आत घेतं. सेटिंगला पासवर्ड लावलाय. बाबांना फायरवॉल आहे हे आता जाणवत नाही, आणि घरच्या यंत्रावर मला नेमकं तेच हवं होतं.

टायनीवॉलला अडचण त्या प्रोग्रामांची, जे प्रत्येक अपडेटला नव्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात. डिस्कॉर्ड, स्लॅक हे त्यातले. मार्ग बदलला की नियम निकामी. पोर्टमास्टरमध्ये मार्गाच्या सुरुवातीवरून किंवा नमुन्यावरून ओळख ठेवता येते, तिथे ते सरस. शिवाय प्रत्येक प्रोग्रामला वेगळं सांगता येतं: इंटरनेट नको पण घरचं नेटवर्क चालेल, किंवा उलट. पण ते डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधण्याचं काम) स्वतःकडे घेतं, ऑफिसच्या व्हीपीएनला (घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सोयीला) स्वतःचा डीएनएस हवा असतो, आणि मग दोघांची ओढाताण. जुन्या लॅपटॉपला ते जडही वाटलं.

एक प्रयोग सगळ्यांनी करून बघावा. विंडोजसोबत येणारा कर्ल (कमांड लाइनवरून पान मागवणारा प्रोग्राम) अडवा आणि एखादं संकेतस्थळ मागा. माझ्याकडे विंडोज, फायरवॉल कंट्रोल, टायनीवॉल, सिंपलवॉल या चारही ठिकाणी उत्तर आलं: जोडणी झाली नाही. नाव सापडलं नाही, असं मात्र कुणी म्हटलं नाही. कारण नाव शोधण्याचं काम कर्ल करत नाही, विंडोजची डीएनएस सेवा करते, आणि तिला बाहेर जायला मुभा असतेच. एनएसलुकअप (नावाचा पत्ता विचारणारा प्रोग्राम) अडवा, तो लगेच गप्प होतो, कारण तो स्वतः विचारायला जातो. म्हणजे अडवलेला प्रोग्रामही, ठरवलं तर, नावाच्या चौकशीत माहिती कोंबून बाहेर पाठवू शकतो. लबाड प्रोग्रामपुढे ही अवजारं कुठवर टिकतात ते यावरून समजून घ्या. घरात फार बोलणाऱ्या, पण सभ्य प्रोग्रामांना आवरायला ती झकास आहेत.

लॅपटॉप नौपाड्यातल्या एका कॅफेत नेऊन पब्लिक प्रोफाइलवर बघितला, फायरवॉल कंट्रोलमध्ये फक्त ब्राउझर, डीएनएस आणि डीएचसीपीला (नेटवर्कवर यंत्राला पत्ता मिळवून देणारी सेवा) मोकळीक देऊन. लॉगिनचं पान आलं, काम झालं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मुलीच्या लिनक्स मिंटवर ओपनस्निच ही विचारणारी फायरवॉल आहे. ती स्वतःच वाचून उत्तर देते, म्हणून तिथे विचारणारं चालतं. एकच सूचना केली: पायथॉनला मार्गावरून कायमची परवानगी दिली की जगातल्या सगळ्या पायथॉन स्क्रिप्टना दिली. तिथे पूर्ण कमांड लाइनवर नियम करायचा.

राहिलेलं काम: विंडोज फायरवॉल कंट्रोलचे नियम निर्यात करून दुसऱ्या मशीनवर उतरवणं, आणि लॉगमधून टीव्हीच्या ओळी गाळणारी छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट. कुणाच्या फायबर राउटरमध्ये आयपीव्ही६ फायरवॉलची ती चौकट मुळात भरलेली आली असेल तर राउटरचं मॉडेल कळवा, यादी करतोय.