तुटलं की नव्हतंच?

आरओव्हीचा, म्हणजे जहाजावरून चालवल्या जाणाऱ्या मानवरहित पाणबुडीचा, नमुना-डबा डेकवर आला तेव्हा आतल्या जेलीफिशची छत्री अजून आकुंचन पावत होती. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या उपसागरात सुमारे १,६०० मीटरवर मिळालेला, ११ सेंटिमीटर व्यासाचा गडद लाल अटोला. छत्रीभोवती फिरणारी खोल खाच दिसली की अटोला ओळखू येतो. त्यात काही प्रश्न नव्हता. प्रश्न टेंटॅकलचा, म्हणजे छत्रीच्या कडेवरून निघणाऱ्या लांबट धाग्यासारख्या अवयवाचा होता. नेहमीच्या अटोलाचं एक टेंटॅकल बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब आणि जाड असतं. इथे ते दिसेना.

ते नसलेली जात, अटोला रेनॉल्डसाय, याच उपसागरातल्या नमुन्यांवरून २०२२ मध्ये नोंदली गेली, त्यामुळे नाव लगेच ओठांवर येतं. पण डब्याच्या कडेला घासून टेंटॅकल सहज तुटतं, आणि तुटलेलं टेंटॅकल नसलेल्या टेंटॅकलसारखंच दिसतं.

प्राणी थंड समुद्राच्या पाण्यात उथळ ताटात उपडा ठेवला, म्हणजे तोंडाची बाजू वर. गोड्या पाण्याचा थेंबही चालत नाही, ऊती फुगतात. एका टेंटॅकलपाशी दोरा ठेवून तिथून मोजायला सुरुवात केली. अटोलात प्रत्येक टेंटॅकल जेलीच्या एका उंचवट्यावरून निघतं आणि दोन टेंटॅकल्सच्या मधे एक ऱ्होपॅलियम, म्हणजे तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. दोन्हींची संख्या सारखी, आणि झालरीच्या पाकळ्या त्याच्या दुप्पट. ऱ्होपॅलिया ३२, पाकळ्या ६४. टेंटॅकल्स मात्र ३१ भरली. तीनदा मोजली, तीनही वेळा ३१.

रिकामा उंचवटा सापडला. लांब टेंटॅकल इथलंच असेल, तर उरलेलं खुंटही शेजाऱ्यांपेक्षा जाड हवं. सूक्ष्मदर्शकाखाली दीड मिलिमीटरचं खुंट दिसलं, टोक फाटलेलं, जाडी शेजारच्या बुंध्यांइतकीच. पकडण्याआधीच्या चित्रफितीत त्याच जागी बाकीच्यांच्याच लांबीचं टेंटॅकल हलताना दिसलं. म्हणजे तुटलं होतं ते साधं टेंटॅकल. लांब टेंटॅकल या प्राण्याला नव्हतंच.

मग जठर पाहिलं. सारख्या लांबीच्या चार बाहूंचा क्रॉस, रेनॉल्डसायला जुळणारा. त्याचा गडद रंग उपयोगाचा असावा: गिळलेलं भक्ष्य पोटात चमकलं, तर तो उजेड बाहेर झिरपू देत नाही. आठ जननग्रंथी जागेवर होत्या.

जतन करताना क्रम चुकला तर नमुना अर्धा वाया जातो. आधी जिवंतपणी फोटो आणि मापं, कारण फॉर्मॅलिनमध्ये छत्री आकसते. मग पाकळीचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, डीएनएसाठी. फॉर्मॅलिन लागल्यावर डीएनए नीट मिळत नाही. एक ऱ्होपॅलियमही तिथेच, कारण त्यातले तोलाचे स्फटिक फॉर्मॅलिनमध्ये विरघळतात. शेवटी उरलेला प्राणी समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या ५ टक्के फॉर्मॅलिनमध्ये, बोरॅक्स घालून.

चिठ्ठीवर लिहिलं: टेंटॅकल्स ३२, त्यांपैकी एक तुटलेलं, लांब टेंटॅकल नाही, खुंट तपासलं.