आठाचे अकरा करावे का? नागपुरातल्या दहा महिन्यांची नोंद

नोव्हेंबर

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की यंदा ११ स्पीड, म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाला आठाऐवजी अकरा दातेरी चकत्या, नक्की. ते झालेलं नाही. का झालं नाही, त्याचीच ही लांबलेली हकीकत.

सायकल तीच. गिअर शिमानो कंपनीचे, क्लॅरिस नावाचे; पुढे पायडलपाशी ५० आणि ३४ दातांची दोन दातेरी चाकं (५०/३४), मागे आठ चकत्यांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, ११-३२ चं (सर्वांत लहान चकतीला ११ दात, मोठीला ३२), टायर २८ मिमीचे. तक्रारही तीच. रविवारी पहाटे आमचा सहा-सात जणांचा कंपू वर्धा रोडने बुटीबोरीकडे निघतो. रस्ता सपाट, एकामागे एक रांग, वेग ताशी ३० किलोमीटरच्या आगेमागे. या वेगाला माझ्याकडे पुढच्या ५० वर दोनच जागा आहेत. मागे १८ ची चकती ठेवली तर पाय मिनिटाला ८४ फेरे मारतात, २१ ची ठेवली तर ९८. मला हवे असतात नव्वदच्या आसपास. वारा समोरून असला की ८४ ला मांड्या भरून येतात आणि ९८ ला मी सीटवर उसळायला लागतो. रांग ३४ वर गेली की आणखी गंमत: १८ वर ९५ किंवा थेट १५ वर ८०. मधलं काहीच नाही.

माझ्यापुढे बहुतेक वेळा आमच्या कंपूतले डॉक्टर असतात. त्यांची ११ स्पीड, शिमानोच्याच '१०५' या वरच्या संचाची. हलकासा 'टिक' आवाज येतो आणि त्यांचे पाय त्याच लयीत फिरत राहतात. तो 'टिक' ऐकून ऐकून माझा जीव जळतो, खोटं कशाला बोलू.

एका दुकानात अंदाज काढला. शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके), दोन्ही डिरेल्युर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारे), कॅसेट, चेन. वर "मागचं चाकही बदलावं लागेल, अकराचं कॅसेट तुमच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसत नाही" अशी फोडणी. आकडा सायकलच्या निम्म्या किमतीपुढे गेला. घरी सांगितला नाही.

आमच्या गोकुळपेठेतल्या मेकॅनिकला मात्र सांगितला. तो म्हणाला, "काहून टाकता भाऊ इतके पैसे? पाय तं तेच राह्यतीन ना."

डिसेंबर

खर्च करायच्या आधी हिशोब करू म्हटलं. माझ्याकडे वेगाचा आणि कॅडन्सचा (पायडलचे मिनिटाला फेरे) असे दोन साधे सेन्सर आहेत. वेगाला कॅडन्सने भागलं की त्या क्षणी कोणता गिअर होता ते निघतं, कारण चाकाचा घेर ठरलेला आहे (७००×२८ ला सुमारे २१३६ मिमी). फाइल उतरवून स्प्रेडशीटमध्ये टाकली. पायडल थांबवलेले क्षण वगळले. सहा रविवार आणि मधल्या दिवसांच्या अंबाझरी-फुटाळा फेऱ्या मिळून ६१२ किलोमीटर जमले.

निकाल बघून मी थोडा ओशाळलो. निम्म्याहून जास्त वेळ मी १८ आणि २१ या दोनच चकत्यांवर होतो. त्याखालोखाल १५ आणि २४. आणि ११? सेमिनरी हिल्सचा उतार आणि एकदा रामटेकच्या गडावरून खाली येताना, बस्स. ५०/११ ला नव्वदच्या कॅडन्सने वेग येतो ताशी ५२ किलोमीटर. मी ५२ ने कुठे चाललोय? २८ आणि ३२ च्या मोठ्या चकत्याही जवळपास कोऱ्या. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि चारी दिशांना पन्नास किलोमीटर गेलं तरी त्या आकड्यात फारसा फरक पडत नाही.

म्हणजे आठांपैकी तीन चकत्या मी नुसत्या वाहून नेतोय, आणि जिथे गर्दी आहे तिथे १५-१८-२१ अशी तीन-तीन दातांची उडी.

ओघात आलं म्हणून: २×८ म्हणजे १६ गिअर असं स्टिकरवर लिहितात. गुणोत्तरं मांडून पाहा. ३४ च्या चाकावरचे वरचे पाच गिअर ५० च्या पट्ट्यातच येऊन बसतात; खऱ्या अर्थाने नवे मिळतात ते खालचे तीन. कामाचे अकराच. ११ स्पीडच्या '२२ गिअर'चीही कथा वेगळी नाही.

जानेवारी

ही नोंद या सगळ्यातली कामाची, तेव्हा जरा सविस्तर.

डॉक्टरांचं कॅसेट कोणतं ते एकदा चहाच्या टपरीवर खाली वाकून बघितलं. ११-३४. घरी येऊन त्याचे दात कागदावर लिहिले: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. त्याखाली शिमानोच्याच ८ स्पीड १२-२५ कॅसेटचे लिहिले: १२, १३, १५, १७, १९, २१, २३, २५.

पुन्हा एकदा वाचा. १३ पासून २५ पर्यंत सातच्या सात चकत्या दोन्हीकडे तंतोतंत त्याच! पुढे दोघांनाही ५०/३४. म्हणजे वर्धा रोडवर ज्या 'टिक'साठी मी कुढत होतो, तो १९ वरून १७ वर जायचा टिक आठ स्पीडमध्येही आहे, माझ्याच शिफ्टरवर चालणारा, दीड हजाराच्या आतला. अकरा स्पीडने डॉक्टरांना जे जास्तीचं दिलं ते २७, ३०, ३४. सपाटीवर त्यांना ते लागतच नाही.

ते दुकानातलं चाकाचं प्रकरणही अर्धवटच निघालं. रोड सायकलींची बहुतेक ११ स्पीड कॅसेट जुन्या हबवर बसत नाहीत हे खरं, त्यांना १.८५ मिमी जास्त रुंद फ्रीहब (हबचा कॅसेट बसतो तो भाग) लागतो. पण नेमकं ११-३४ हे मॉडेल जुन्या ८/९/१० च्या हबवर बसेल असंच बनवलेलं आहे. उलट नव्या हबवर ते चढवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर (जागा भरणारी चकती) टाकतात. डॉक्टरांच्या चाकात तो स्पेसर आहे. कुणी ११-३४ च्या विचारात असेल आणि समोरून नवं चाक विकलं जात असेल, तर एवढं विचारून बघा.

१२-२५ मागवलं. चेन व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने) जुनं धरलं, कॅसेट आवळून धरणारी लॉकरिंग सोडली, नवं चढवून ४० न्यूटन मीटरला आवळलं. टॉर्क रेंच नसेल तर लॉकरिंग खरखर आवाज करत बसते आणि आपण घाबरून थांबतो, त्याच्याही थोडं पुढे जायचं असतं. मोठी चकती ३२ ची २५ वर आल्याने चेन सैल लोंबायला लागली, म्हणून चार कड्या काढल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, ऑगस्टमध्ये परत येणार आहे.

पहिल्याच रविवारी ३० च्या वेगाला १७ वर ८०, १९ वर ८९, २१ वर ९८. मधली ८९ ची जागा मिळाली आणि बुटीबोरीच्या आलूबोंड्यापर्यंत मी रांगेतून एकदाही सुटलो नाही. डॉक्टरांनी मागे वळून विचारलं, "काय हो, घेतली का नवीन?"

फेब्रुवारी ते मे

नोंदण्याजोगं कमी. उन्हामुळे एप्रिलनंतर सातला घरात. पण धूळ आणि चेन यावर थोडं लिहायचं आहे.

मागच्या हबची १३० मिमी रुंदी आठ स्पीडपासून अकरापर्यंत (रिम ब्रेकवाल्या सायकलींत) तीच राहिली. जागा तेवढीच, बिऱ्हाडं वाढली. मग चकत्या एकमेकींना खेटल्या: आठमध्ये एका चकतीपासून दुसरीपर्यंत ४.८ मिमी अंतर, अकरामध्ये ३.७४. चेन बाहेरून ७ मिमीच्या वर होती ती साडेपाचच्या आसपास आली. याचा अर्थ रस्त्यावर असा कळतो: कोराडी रोडला राखेचे ट्रक जातात त्या बाजूने दोन-तीन सकाळी गेलो की डॉक्टरांची चेन मधल्या चकत्यांवर कुरकुर करते. ते बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करत चालतात. माझी केबल अर्धा फेरा सैल असली तरी चकती पकडते. आठ स्पीडला माफी जास्त आहे.

चेन झिजून किती लांबली ते मोजायच्या पट्टीचं, गेजचंही तसंच. ११-१२ स्पीडला ०.५ टक्के झिजली की बदला म्हणतात, आठला ०.७५ पर्यंत चालवतात. डॉक्टरांच्या एका चेनच्या बिलात माझ्या अडीच-तीन येतात. हे मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "तुम्ही चेन मोजा, मी पुढे जातो."

जुना काळ आठवून बघितला तर स्पेनच्या मिग्युएल इंदुरेनने १९९१ ते १९९५ सलग पाच टूर द फ्रान्स जिंकले ते आठ चकत्यांच्या जमान्यात. त्याच शर्यतीत डिरेल्युर वापरायला परवानगीच मुळात १९३७ साली मिळाली. नंतर मात्र गाडी थांबलीच नाही: काम्पान्योलो या इटालियन कंपनीचे अकरा २००८ ला, बारा २०१८ ला, आणि २०२० ला त्यांचा एकार नावाचा संच आला तो तेराचा. तेरा मात्र मला पटतात. एकारमध्ये पुढे एकच दातेरी चाक आहे, पुढचा डिरेल्युर गेला, तेव्हा मागे वाढवणं भागच. पुढे दोन आणि मागे बारा हे आपल्या सपाटीवर कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑगस्ट

चिखलदऱ्याचं ठरलं. सायकली गाडीवर टाकून परतवाड्यापर्यंत, तिथून साधारण तीस किलोमीटरचा घाट, वर पोचेपर्यंत उंची ११०० मीटरच्या घरात. १२-२५ घेऊन तिथे जाण्याइतका मी शहाणा नाही, आणि वेडाही नाही. जुनं ११-३२ परत चढवलं.

आणि चेन तीच ठेवली.

सेमिनरी हिल्सच्या चढावर चाचणीला गेलो. चढ आला, घाईत पुढे चेन ५० वरून ३४ वर न उतरवता मागे खालीच खाली गिअर टाकत गेलो. ५०/३२. जानेवारीत काढलेल्या चार कड्या तिथे आठवल्या. डिरेल्युर ताणून हाताच्या बोटासारखा सरळ पुढे आला, पायडल खाडकन अडकलं आणि मी आडवा. गुडघा सोलला ते सोडा, मागचा डिरेल्युर ज्याला लटकतो तो हँगर आत वाकला. रिकामी रविवारची सकाळ होती म्हणून मागे कुणी नव्हतं. मागे उभं राहून पाहिलं तर डिरेल्युरची खालची पुली स्पोककडे झुकलेली.

सायकल ढकलत गोकुळपेठेत. मेकॅनिकने हँगर सरळ करायचा दांडा लावला, चाकाच्या चार ठिकाणी अंतर बघितलं, हळूहळू ओढला. बोलला काहीच नाही. शेवटी फक्त "कड्या कुठी हायेत?" एवढंच. त्या मी फेकल्या होत्या.

आता दोन कॅसेटला दोन वेगळ्या चेन ठेवल्यात, दोन्हीला क्विक लिंक (हाताने उघडता येणारी कडी). कॅसेट बदललं की त्याची चेनही बदलायची, बी-स्क्रू (डिरेल्युर आणि चकत्या यांतलं अंतर ठरवणारा) दीड-दोन फेरे फिरवायचा. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. न वापरलेली जोडी संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात असते, वर मार्करने '३२ - घाट' असं लिहिलंय. बायकोने एकदा बर्फी समजून उघडला.

चिखलदरा, तीन आठवड्यांनी

इथे मात्र डॉक्टरांची बाजू घ्यावी लागेल.

घाटात मी बहुतेक वेळ ३४/३२ आणि ३४/२८ वर. साठच्या कॅडन्सने ३४/३२ ला ताशी ८ किलोमीटरच्या जरा वर वेग पडतो, आणि तेवढा माझ्याकडून निघत होता. अडचण चढ मध्येच हलका व्हायचा तिथे. २८ वर पाय भुरभुर फिरायचे, २४ वर टाकलं की पुन्हा जड. या दोन चकत्यांत सतरा टक्क्यांची दरी आहे. डॉक्टरांकडे त्याच पट्ट्यात २५, २७, ३० अशा तीन पायऱ्या. आठ-अकरा टक्क्यांची उडी. ते बसल्या जागी लय धरून गेले, मी सीटवरून उठत-बसत. धुकं इतकं होतं की तिसऱ्या वळणानंतर ते दिसेनासेच झाले, नुसता 'टिक' ऐकू यायचा. वाटेतल्या मोथा गावाच्या अलीकडे तोही बंद.

वर ते माझ्याआधी सतरा मिनिटं पोचले. त्यातली किती मिनिटं गिअरची आणि किती त्यांच्या माझ्याहून नऊ किलो कमी वजनाची, हा हिशोब मी मुद्दाम केलेला नाही.

म्हणजे अकरा चकत्यांचा फायदा मला असा कळला: माझी सपाटीची आणि घाटाची अशी दोन कॅसेट त्यांच्या एकाच कॅसेटमध्ये राहतात. मला बर्फीचा डबा उघडावा लागतो, त्यांना नाही. वर्षातून घाट दोनदा. तेवढ्यासाठी मी निम्मी सायकल विकत घेणार नाही. पुण्यात किंवा नाशकात राहत असतो, दर रविवारी घाट असता, तर कदाचित हीच नोंद उलटी लिहिली असती. आणि नवीच सायकल घेणाऱ्याने आठचा हट्ट धरावा असंही माझं म्हणणं नाही. दहा-अकरा मिळत असेल तर घ्या. फक्त आधी दात मोजा, चकत्या नंतर.

सप्टेंबर

परत १२-२५ वर. डॉक्टरांना डिसेंबरात २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब सायकल फेरीला) जायचंय, साडेतेरा तासांची मुदत, मीही नाव देईन म्हणतो. रस्ता सपाट असेल तर हेच कॅसेट. उजव्या शिफ्टरमध्ये केबलची एक तार उसवलेली दिसते, या आठवड्यात बदलतो. सपाटीच्या चेनचे २,३४० किलोमीटर झाले, गेजची ०.७५ ची बाजू अजून आत जात नाही.