प्रोग्राम काउंटरमधलं जोडाक्षर

गावच्या दूध संकलन केंद्रावर वजनकाटा आणि मिल्क अ‍ॅनालायझर यांच्यामध्ये आमचं मशीन बसतं. वजन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) घ्यायचं, दर काढायचा आणि सभासदाच्या हातात पावती द्यायची, एवढंच त्याचं काम. सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रावरून तक्रार आली की सकाळच्या संकलनात मशीन मध्येच बंद पडून पुन्हा चालू होतं. सचिव फोनवर म्हणाले, “साहेब, रांग लागलेली असते, दूध कॅनमध्ये ओतून झालेलं असतं आणि पावतीच येत नाही. त्या माणसाचं दूध किती होतं हे आता मी कशावरून सांगू?” या प्रश्नाला उत्तर देणं आमचंच काम होतं.

ऑफिसात पहिला संशय लाइटवर. पण शेवटचा रीसेट कशामुळे झाला, याची नोंद ठेवणारं रजिस्टर, म्हणजे छोटासा कप्पा, चिपमध्येच असतं. त्यात ब्राउनआउटचा, म्हणजे व्होल्टेज पडल्याचा, बिट शून्य होता आणि वॉचडॉगचा, म्हणजे प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरचा, एक. म्हणजे वीज ठीक होती, प्रोग्रामच कोलमडत होता. हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरला पुढे जाताच येणार नाही अशी चूक, आली की आमच्या जुन्या फर्मवेअरचा (मशीनमधल्या प्रोग्रामचा) हँडलर, म्हणजे ती चूक हाताळणारा कोड, रिकाम्या लूपमध्ये अडकून राही, मग वॉचडॉग बोर्ड रीसेट करी आणि सगळा पुरावा पुसला जाई. असा हँडलर घेऊन माल बाजारात जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये फॉल्ट आला की प्रोसेसर स्वतःच ८ रजिस्टरं स्टॅकवर (फंक्शनांची तात्पुरती माहिती राहते त्या मेमरीत) ठेवतो: आर० ते आर३, आर१२, लिंक रजिस्टर (शेवटच्या कॉलनंतर परतायचा पत्ता), प्रोग्राम काउंटर (चालू सूचनेचा पत्ता) आणि स्टेटस. मी नवा हँडलर लिहिला. फॉल्टच्या वेळी दोनपैकी कोणता स्टॅक चालू होता ते बघायचं, त्या ८ नोंदी आणि स्टॅकचा पुढचा तुकडा, सुरुवातीला शून्य न होणाऱ्या रॅममध्ये उतरवायचा आणि मगच रीसेट. बोर्ड पुन्हा चालू झाला की ते सगळं मोबाइल नेटवर्कवरून आमच्याकडे येणार.

आलं. प्रोग्राम काउंटर होता, हेक्समध्ये म्हणजे सोळाच्या पद्धतीत, ए४ई०८डीए४. आमचा कोड ०८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर असतो. ही जागा तर प्रोग्राम चालवायला मनाईच असलेल्या भागातली. फॉल्ट स्टेटस रजिस्टरही तेच सांगत होतं. पत्त्यावरून ओळ क्रमांक काढायचा प्रश्नच उरला नाही.

मी ते बाइट मेमरीतल्या क्रमाने, म्हणजे उलटे, कागदावर लिहिले: ए४ ८डी ई० ए४. स्टॅकवर त्याच्या लगेच पुढे बी५ ई० ए४ बी०. ई० ए४, पुन्हा ई० ए४, मध्ये एकेक बाइट. देवनागरीचे फाँट बसवताना हे बाइट मी इतक्या वेळा पाहिलेत की हात तिथेच थांबला. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत मराठीत लागणारं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि बहुतेक चिन्हांची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ अशी होते. ई० ए४ बी५ म्हणजे ‘व’, ई० ए४ बी० म्हणजे ‘र’. त्याआधीचं ८डी मात्र जुळेना. ई० ए४ ८डी म्हणजे ‘ऍ’, आणि ‘ऍवर’ कुठून येणार? मग लक्षात आलं, प्रोग्राम काउंटरमध्ये पत्त्याचा शेवटचा बिट राहत नाही, तो थंब मोड (प्रोसेसरचा आखूड सूचनांचा संच) दाखवण्यासाठी वापरून काढून टाकला जातो. तो परत लावला की ए४ चा ए५ होतो, आणि ई० ए५ ८डी म्हणजे हलन्ताचं चिन्ह. त्यापुढे ‘वर’. फंक्शन संपल्यावर प्रोसेसर परत जायचा पत्ता म्हणून कुणाच्या तरी नावातलं ‘्वर’ वाचत होता.

लिंक रजिस्टरमधला पत्ता पावतीची ओळ जुळवणाऱ्या फंक्शनमध्ये निघाला. तिथे ६४ बाइटचा बफर, म्हणजे ओळ जुळवायची तात्पुरती जागा, आणि त्यात लांबी न बघता मजकूर भरणारं स्प्रिंटएफ. पावती इंग्रजीत छापायची तेव्हा ६४ पुरून उरत. मराठी पावती आली, पण बफर तेवढाच राहिला. ‘ज्ञानेश्वर’ दिसायला ४ अक्षरं, चिन्हं १० आणि बाइट ३०. आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव असं भरलं की बफर ओलांडून मजकूर स्टॅकवरच्या परतीच्या पत्त्यावर चढत होता. ऑफिसातल्या चाचणीच्या यादीत सगळी नावं आखूड आणि इंग्रजीत, म्हणून तिथे कधीच काही झालं नाही.

केंद्राच्या यादीत ‘श्वर’ असलेली नावं बरीच होती, पण तिथपर्यंत पोचेल एवढं लांब एकच. सचिवांना विचारलं, हे सभासद कधी येतात? “सकाळीच. संध्याकाळचं दूध ते घरी ठेवतात.”

लांबी तपासणारं एसएनप्रिंटएफ घातलं, बफर वाढवला. पण तेवढ्यावर भागत नाही. बाइट मोजून नाव कापलं तर अक्षर मधोमध तुटतं, चिन्ह मोजून कापलं तर शेवटी हलन्त लोंबकळतो. म्हणून अख्खं जोडाक्षर मावत नसेल तर ते सोडून द्यायचं, असं लिहिलं. कंपायलरचं स्टॅक प्रोटेक्शन, म्हणजे बफर ओलांडला गेला तर ते पकडणारी तपासणी, सुरू केलं. आणि पावती छापायच्या आधीच वजन, फॅट नि एसएनएफची नोंद फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जाईल असा क्रम बदलला, म्हणजे पुढे कधी मशीन बंद पडलंच, तरी दुधाचा आकडा सचिवांना सापडेल.